साबणाचं ग्रोमेट

माझ्या खिशात मोजमापाचा व्हर्निअर दिसला की लोक चहा मागवायचे, आणि मी तो खिशातून बाहेर काढला की त्यांच्या घशाखाली तो चहा उतरायचा नाही. नोकरीभर मी हेच केलं. दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, त्याचाच चहा प्यायचा आणि त्याच्याच मालात खोट काढायची. बायको म्हणायची, "घरी तरी भाजीतलं मीठ मोजू नका." सवयच तशी लागली होती, काय करता!

वाळूजमधल्या एका गाड्यांच्या कंपनीत मी होतो. नाव सांगत नाही, माझं पेन्शन सुखानं चालू आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, कंपनी गाडी बनवते. कसली बनवते! ती जोडते. दुचाकीत शेकड्यांनी भाग असतात, त्यातले मोजके कंपनीत होतात. बाकीचे चिकलठाण्याच्या, वाळूजच्या, नाहीतर कुणाच्या तरी घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून येतात. असे पुरवठादार शोधायचे, त्यांना नकाशा द्यायचा, नमुना मागवायचा, तो नापास करायचा, पुन्हा मागवायचा आणि शेवटी एकदाचा पास करायचा, हे माझं काम. नापास करणं मला जरा जास्तच आवडायचं, असं लोक म्हणत. म्हणोत.

पुरवठादारांच्या नाना तऱ्हा पाहिल्या. एकाकडे परदेशी मशीन होत्या, ऑफिसात एसी, टेबलावर गणपती. नवीन भाग करणार का विचारलं की गृहस्थ खुर्चीत मागं रेलून म्हणायचे, "आधी ऑर्डरचं पत्र द्या, मग बघू." पत्र दिलं की म्हणायचे, "पहिला हप्ता सुटू द्या, मग बघू." ते बघत राहिले आणि हळूहळू त्यांच्या मशीनवर धूळ बसली. माणूस वाईट नव्हता. फक्त कुणीतरी येऊन ढकलेपर्यंत हलायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. असे पुष्कळ होते. मला सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल नाही, छायाबाई तुपेंबद्दल.

आमच्याकडे एका मोठ्या रबरवाल्याकडून ग्रोमेट यायची. ग्रोमेट म्हणजे रबराची कडी. पत्र्याला भोक पाडून त्यातून वायर न्यायची असली की पत्र्याची धार वायरीला कापते, म्हणून भोकात ही कडी बसवायची. कच्चं रबर तापलेल्या साच्यात दाबलं की कडी तयार होते, पण साच्याच्या फटीतून रबराची पातळ पापडी बाहेर येते. ती कात्रीनं कापावी लागते. एका महिन्यात ही कापणी एकदम इतकी नेटकी यायला लागली की मलाच संशय आला. नापास करायला काही सापडेना. मी रबरवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, कापायचं काम मुकुंदवाडीत एका बाईला दिलंय.

मी तिथं बघायला गेलो. स्टेशनाच्या अलीकडं, घराला लागून पत्र्याचं शेड. आत सतरंजीवर आठ-दहा बाया कात्र्या घेऊन बसलेल्या. छायाबाई तिशीच्या असतील. माहेर करमाडचं, घरची मोसंबीची बाग. नवरा वाळूजला शिफ्टमध्ये. मी ओळख सांगितली, तर बसा म्हणायच्या आत बाईंनी हातातली कडी पुढं केली.

"साहेब, ही गाडीत कुठं बसती?"

इतक्या वर्षांत एकाही पुरवठादारानं मला हे विचारलं नव्हतं. लोक भाव विचारायचे, बिल कधी निघेल विचारायचे. मी म्हणालो, "हेडलाइटच्या मागं."

"मला दावता का? कापताना कुठली बाजू दिसती न् कुठली आत जाती, ते कळंल. उगं दोन्हीकडं जीव काढतोय आम्ही."

मी त्यांना कंपनीत नेलं. बाई गाडी जोडण्याच्या लाइनजवळ उभ्या राहिल्या आणि कडी बसवणाऱ्या पोराला इतके प्रश्न विचारले की सुपरवायझर माझ्याकडं रागानं बघायला लागला. परतताना फाटकाशी थांबून म्हणाल्या, "साहेब, कापायचं बास झालं. कडीच बनवायची. काय काय लागतं, सांगा."

मी हसलो. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या शेडमध्ये रबर साच्यात दाबायचा एक जुना, छोटा प्रेस उभा होता. त्यांचा पहिला नमुना मी नापास केला, दुसरा केला, तिसराही केला. तिसऱ्या वेळी बाई चिडल्या. "तुमच्या व्हर्निअरचंच काहीतरी बिघडलंय!" असं म्हणून ताडकन उठून गेल्या, आणि चौथा नमुना असा आणला की मी निमूट सही केली.

आता त्या शेडबद्दल सांगायला हवं. ते होतं छायाबाईंच्या सासऱ्यांचं. त्यांना सगळे तात्या म्हणत. धोतर, पांढरी टोपी, आवाज खणखणीत. जमीन शहराच्या पोटात गेलेली, उरले होते प्लॉट आणि त्यावरच्या खोल्या. तात्यांचा विश्वास एका गोष्टीवर होता, भाड्यावर. "भाडं घरबसल्या येतं. त्याला ना पाऊस लागतो ना गिऱ्हाईक," असं ते मला प्रत्येक भेटीत ऐकवायचे. सुनेला शेड दिलं होतं ते तिच्या हट्टापायी, आणि थोडं कौतुकानंही. पण शेजारच्या सिमेंटवाल्या शेठनं गोदामासाठी त्या शेडवर केव्हाचा डोळा ठेवला होता.

मग कंपनीत नवीन गाडीची चर्चा सुरू झाली. त्या गाडीत रबराचे भाग पुष्कळ लागणार होते. मी पुरवठादारांना नकाशे दाखवले. एसीवाले गृहस्थ म्हणाले, "पत्र द्या, मग बघू." छायाबाईंनी मोठा प्रेस आणून उभा केला.

मी डोक्याला हात लावला. "अहो बाई, अजून पत्र निघालं नाही!"

"पत्र निघाल्यावर मशीन घेतली तर बसवायला, शिकायला दिवाळी येती साहेब. तवर काम दुसरा घेऊन जातो. तयार असणाऱ्याकडंच तुम्ही येणार ना?"

ते खरंच होतं. मी येणारच होतो. आणि ती गाडी निघालीच नाही. वरच्या मंडळींनी ठरवलं, बाजार मंद आहे, सध्या नको. एका ओळीचा निरोप. तो मुकुंदवाडीला जाऊन सांगायचं काम माझ्या गळ्यात आलं.

मी सांगितलं. बाया कात्र्या थांबवून ऐकत होत्या. पहिल्यांदा बोलले ते तात्या. ते दारातच उभे होते.

"बघा साहेब. मी काय म्हणत व्हतो? आता ही मशीन गोधडी घालून झाकून ठिवायची का?" मग सुनेकडं वळून, आवाज न चढवता म्हणाले, "दसऱ्यापत्तुर बघतो. दसऱ्याला ही मोठी मशीन कामाला लागलेली दिसली तर तुझं शेड तुला. नाय तर शेठला भाड्यानं देतो. ह्या बायांना तसं सांगून ठिव."

छायाबाई म्हणाल्या, "व्हय तात्या." एवढंच. त्या बायांचे चेहरे मला पाहवले नाहीत. त्यातल्या निम्म्या जणींच्या घरात तेवढाच आधार होता.

मला वाटलं, संपलं. मी आपला समजूत घालायला गेलो की छोट्या प्रेसवर भागवा, मोठा विकून टाका. बाई म्हणाल्या, "मशीन रबराची हाय ना साहेब? तिला काय ठावं, गाडी निघाली का नाय ते."

काही दिवसांनी त्या माझ्या घरी आल्या. पर्समधून एक कडी काढून टेबलावर ठेवली. "हे काय हाय?"

"ग्रोमेट," मी म्हणालो. "पण आमचं नाही."

"माझ्या भावाच्या बागेतलं हाय."

मोसंबीला थेंब थेंब पाणी द्यायचं तर जाड पाइपाला भोक पाडून त्यातून बारीक नळी काढतात. त्या भोकात पाणी गळू नये म्हणून रबराची कडी बसवतात. मी आयुष्यभर ज्या शहरात ग्रोमेट मोजली, त्याच्या चारी बाजूंच्या शेतांत ग्रोमेट पुरलेली होती, आणि ती येत होती दूरदूरच्या गावांहून. पावसानं उघडीप दिली की सगळ्यांना एकदम पाइप टाकायचे असतात. तेव्हा नेमका माल मिळत नाही, असं भाऊ म्हणाला होता. बाईंनी तेवढंच ऐकलं आणि साच्याची ऑर्डर देऊनच माझ्याकडं आल्या होत्या.

"आधी विचारायचं तरी!" मी ओरडलो.

"तुम्ही नको म्हणला असता," त्या म्हणाल्या.

रविवारी मी व्हर्निअर घेऊन शेडमध्ये बसलो. कंपनीचा माल नसल्यामुळं मी तिथं कुणी साहेब नव्हतो. का कुणास ठाऊक, पण फार बरं वाटत होतं. कडी उत्तम निघाली. उन्हापाण्याला टिकणारं रबर मीच निवडून दिलं. करमाडचे पाइपवाले दुकानदार रफीकभाई पहिला माल घेऊन गेले, पुन्हा घेऊन गेले. मोठा प्रेस दिवसभर चालायला लागला. पोळा झाला आणि आता काही काळजी नाही असं आम्ही सगळे म्हणू लागलो.

गणपती बसले त्याच सुमाराला रफीकभाई एक पोतं घेऊन शेडमध्ये आले आणि ते त्यांनी जमिनीवर ओतलं.

"मॅडम, ये देखो. तुमारा माल फुगरा. नळ्यां निकल जारे, खेत में पानी पानी. लोगां मेरेकू गाल्यां देरे. मेरेकू नक्को ये माल."

कड्या खरंच फुगल्या होत्या. मऊ, बेढब, बोटानं दाबलं तर लिबलिबीत. मी एकेक उचलून बघत होतो आणि काही केल्या कळेना. साचा बरोबर, रबर बरोबर, तापमान बरोबर. दसरा तोंडावर आलेला. तात्या दारातून बघून गेले.

छायाबाई उठल्या. "चला साहेब, करमाडला. जिथं बसवतात तिथंच बघू."

आम्ही एका बागेत गेलो. गडी पाइपाला भोकं पाडून कड्या बसवत होता. घट्ट कडी भोकात सहजी जात नाही. त्यानं शेजारच्या डबड्यात कडी बुचकळली आणि पच्‌कन बसवली. डबड्यात ट्रॅक्टरचं जळकं ऑइल.

आमच्याकडं शेतात जळकं ऑइल कशाला लावत नाहीत ते विचारा! दाराच्या बिजागरीला लावतात, मोटारीला लावतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात. मला एकदम उलगडा झाला. हे रबर उन्हाला भीत नाही, पाण्याला भीत नाही, पण तेल प्यायलं की फुगतं. खात्रीसाठी मी घरी स्टीलच्या वाट्यांत कड्या भिजत घातल्या. एक तेलात, एक पाण्यात, एक साबणाच्या पाण्यात. बायकोनं त्या वाट्या पुन्हा स्वयंपाकघरात घेतल्या नाहीत. तेलातली कडी फुगली. बाकीच्या दोन्ही ठणठणीत.

मी लगेच उपाय काढला, अगदी माझ्या स्वभावाला शोभेल असा. "प्रत्येक पिशवीत छापील सूचना टाका. 'तेल लावू नये. साबणाचे पाणी लावावे.' मोठ्या अक्षरात."

छायाबाई म्हणाल्या, "साहेब, चिखलात उभा माणूस. हात भरलेले. तो चिठ्ठी वाचंल का? आणि वाचून साबण आणायला घरी जाईल? ऑइलाचं डबडं पायाशी असताना?"

"मग तेलाला न भिणारं रबर घ्यावं लागेल. महाग पडेल. पुन्हा चाचण्या करायच्या, तोवर हंगाम गेला."

"साबणच देऊ की पिशवीत," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कपड्याच्या साबणाच्या वड्यांची खोकी आली. बाया तारेनं वड्यांचे तुकडे पाडायला लागल्या. कड्यांच्या प्रत्येक पिशवीत एक तुकडा. तात्या येऊन बघून गेले. "रबराच्या कारखान्यात साबण! उद्या वाण्याचं दुकान काढ!" असं मोठ्यानं म्हणाले.

पण खरं धाडस पुढंच होतं. ज्या ज्या शेतात कड्या फुगल्या होत्या त्या प्रत्येक शेतात बाई स्वतः गेल्या. चूक आपली नव्हती, हे त्या सहज म्हणू शकल्या असत्या. मी तसं म्हटलंही. "ऑइल त्यांनी लावलं, भरून का द्यायचं आपण?" बाईंनी ऐकून घेतलं आणि साडी खोचून चिखलात उतरल्या. बरोबर दोन बाया, साबणाची बादली आणि नवा माल. जुनी कडी काढायची, साबण लावून नवी बसवायची, शेतकऱ्याच्या हातात एक तुकडा द्यायचा, पुढचं शेत. एका म्हाताऱ्यानं त्यांना बांधावर येऊ दिलं नाही, खूप बोलला. बाई कडेला उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. त्याचा राग ओसरल्यावर म्हणाल्या, "झालं का बाबा बोलून? आता बसवू का?" तो हसला आणि त्यानंच पाइप धरला.

नंतर कंपनीत आमच्या साहेबांनी एकदा पाहणी केली होती, कुठले पुरवठादार वाढतात आणि का. भांडवल किती, मशीन किती, शिक्षण काय, असे रकाने होते. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की पहिल्यांदा एवढंच बघा, माणूस कुणी सांगायच्या आधी हलतो का, आणि आपटल्यावर किती लवकर उठून दुसरीकडं बघतो. मशीन छायाबाईंकडंही होत्या आणि एसीवाल्यांकडंही, एसीवाल्यांच्या तर जास्त चांगल्या होत्या. पण मला कुणी विचारलं नाही.

त्याच दिवसांत छायाबाईंनी मला विचारलं, "साहेब, नोकरी सोडून इकडं या. भागीत करू." माझ्या घराण्यात सगळे कारकून, पगाराच्या तारखेवर श्वास घेणारे. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. बायको म्हणाली, करा की! आणि तरीही मी गेलो नाही. आजही करमाडच्या रस्त्यानं जाताना हळहळ वाटते, खोटं कशाला सांगू.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. त्या दिवशी कारखान्यातली मशीन बंद ठेवतात, धुऊन पुसून तिची पूजा करतात. मलाही बोलावणं होतं. मोठ्या प्रेसला झेंडूची माळ, हळदीकुंकवाची बोटं, समोर रांगोळी. बाया नव्या साड्या नेसून आलेल्या. तेवढ्यात तात्या आले आणि त्यांच्यामागं सिमेंटवाले शेठ. दसऱ्याची मुदत उद्याची, पण शेठला घाई असावी.

शेठनं प्रेसकडं बघितलं आणि हसले. "तात्या, मशीन तर बंदच हाय."

तात्या सुनेला म्हणाले, "चालू करून दाव."

"आज नाय तात्या. आज तिचा दिवस हाय."

"घटकाभर चालव. शेठला दिसू दे."

"आज तिला हात लावणार नाय," छायाबाई म्हणाल्या. मला वाटलं, आपणच जाऊन ते हिरवं बटण दाबावं. शेठ शेडची लांबी पावलांनी मोजायला लागले होते.

बाहेर मोठमोठ्यानं भांडण ऐकू आलं. फाटकात रफीकभाईंचा टेंपो आणि पैठणकडच्या कुणा दुकानदाराची रिक्षा आडव्यातिडव्या उभ्या. दोघंही उद्याचा पहिला माल आपल्यालाच म्हणून आदल्या दिवशीच येऊन ठेपले होते.

"आज मशीन बंद है, मेरेकू बी मालूम है," रफीकभाई ओरडत होते. "मैं यहींच बैठतूं. कल सुबे का पहला माल मेरा!"

तात्या बाहेर गेले. "तूच ना रे तो, पोतं ओतून गेला व्हता? आता काय झालं?"

रफीकभाई नरमले. "चाचा, क्या बोलूं. मेरे दुकान में लोगां साबुनवालाच मंगते. दुसरा रखा तो हात नै लगाते. मॅडम खुद खेतां में गये, सब बदल के दिये. अब मैं उनकू दुसरा क्या देऊं?"

तात्या आत आले, पाटावरचा नारळ उचलला. नारळ घरातल्या कर्त्या पुरुषानं फोडायचा, बायांनी नाही, अशी आमच्याकडची रीत. सगळ्यांनी हात जोडले. तात्यांनी नारळ सुनेच्या हातात दिला.

"फोड."

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. छायाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, वाकल्या आणि नारळ दगडावर आपटला. फुटला नाही.

"जोरानं मार की," तात्या म्हणाले. "रबर नाय ते."

दुसऱ्या फटक्याला नारळ फुटला, पाणी तात्यांच्या धोतरावर उडालं. शेड हशानं भरलं. छायाबाईंच्या डोळ्यांतून मात्र धार लागली होती आणि ती त्यांनी पुसलीही नाही.

शेठ प्रसादाचा तुकडा हातात घेऊन हळूच दाराकडं निघाले. तात्यांनी त्यांना हाक मारली.

"अहो शेठ, बसा की. मागच्या अंगाला अजून एवढंच शेड घालायचं म्हणती सून. सिमेंट काय भावानं देता?"